पीएच काढताना आधी भांड्यात काय आहे ते लिहा

गोव्यात साखळीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने पाच प्रश्न विचारले आहेत. १०^−८ मोलर (म्हणजे लिटरला १०^−८ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच सूत्राने ८ येतो, मग आम्ल अल्कधर्मी कसे झाले? प्रॅक्टिकलला व्हिनेगरचा पीएच गणिताने ०.२ आला आणि मीटरने अडीच दाखवला, यातले खरे कोणते? पीएच ३ आणि पीएच ५ ची आम्ले सारखी मिसळली तर ४ का येत नाही? ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचा पीएच १३ यायला हवा, मीटर १२.७ दाखवतो आणि सर म्हणतात मीटर बिघडलाय, तसे असेल का? आणि शेवटचा प्रश्न घरचा: बाबांच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, माती अहवालात सामू (मातीचा पीएच) ५.२ आलाय, तर चुना किती घालायचा ते याच सूत्राने काढता येईल का?

प्रश्न सगळे चांगले आहेत, आणि पाचही ठिकाणी तू अडलीस ते एकाच कारणाने. सूत्रात आकडा घातलास, पण भांड्यात कोण कोण आहे ते लिहिले नाहीस. वेर्ण्याला औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षे गेली. कॉलेजातून नवीन येणाऱ्या मुलांना सूत्रे तोंडपाठ असतात, कॅल्क्युलेटर तर हातातच असतो. मी त्यांना आधी कागदाचा चिटोरा देतो. बीकरमध्ये कोणते आयन आहेत, कोणते रेणू न फुटता तसेच आहेत, त्यातला मोठा वाटा कोणाचा, हे आधी लिहायचे. सूत्र त्यानंतर.

व्याख्या तुला ठाऊक आहे, तरी लिहिण्याची पद्धत ठरवून घेऊ. [एच+] म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती, मोल प्रति लिटरमध्ये. १०^−३ म्हणजे दहाचा उणे तीन घात. पीएच = −लॉग [एच+]. ही मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली. ती बिअरच्या कारखान्याची प्रयोगशाळा, आणि सोरेन्सन यांचे काम विकरांवर (एन्झाइमांवर) चालले होते. एवढे बारीक आकडे दर वेळी शून्यांसकट लिहायचा त्यांना कंटाळा आला असणार, असे मला नेहमी वाटते. लक्षात ठेवायचे ते इतकेच की पीएचमधला १ चा फरक म्हणजे संहतीत दहापट फरक, आणि ०.३ चा फरक म्हणजे दुप्पट.

तीव्र आम्लाचे गणित एका ओळीचे. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्ण फुटते, न फुटलेला रेणू शिल्लक राहत नाही, म्हणून आम्लाची संहती तीच [एच+]. ०.००१ मोलर असेल तर पीएच ३. इथे थांबायचे कारण नाही.

आता तुझे १०^−८. या भांड्यात आम्लाशिवाय आणखी एकजण आहे, पाणी. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा स्वतःचा आयन-गुणाकार, म्हणजे [एच+] गुणिले हायड्रॉक्साइड आयनांची संहती [ओएच−], ज्याला केडब्ल्यू म्हणतात, तो १०^−१४ असतो. म्हणून शुद्ध पाण्यातच [एच+] १०^−७ असते. तू घातलेले आम्ल त्याच्या दहाव्या हिश्शाइतके. ते हिशेबात धरायचे आणि पाणी सोडून द्यायचे, हा उलटा न्याय झाला. पण म्हणून १०^−७ मध्ये १०^−८ मिळवून १.१ × १०^−७ आणि पीएच ६.९६, असेही लिहू नकोस. गाइडांत हे उत्तर सर्रास छापलेले दिसते. बाहेरून आयन आले की पाणी स्वतः थोडे कमी फुटते, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. धन प्रभार आणि ऋण प्रभार सारखे असायला हवेत एवढेच लिही:

[एच+] = [क्लोराइड] + [ओएच−]

क्लोराइड आम्लाइतकेच, म्हणजे १०^−८. [ओएच−] म्हणजे केडब्ल्यू भागिले [एच+]. [एच+] ला क्ष म्हण:

क्ष² − १०^−८ क्ष − १०^−१४ = ०

सोडवल्यावर क्ष = १.०५ × १०^−७, पीएच ६.९८. सातच्या किंचित खाली, आम्लाच्याच बाजूला. ६.९६ आणि ६.९८ मध्ये फरक तो काय, असे म्हणशील. आकड्यात फारसा नाही. पण पहिले उत्तर चुकीच्या वाटेने आलेले आहे, आणि संहती १०^−७ असली तर त्या वाटेने ६.७० येते, खरे उत्तर ६.७९. तिथे फरक उघड दिसतो. त्या १०^−७ च्या गणितात क्ष येतो १.६१८ × १०^−७, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर. रसायनात त्याला काही अर्थ नाही, वर्गसमीकरणच तसे बसते. पण पहिल्यांदा पाहिले की मजा वाटते.

पाणी सोडून द्यायचे कधी? तीव्र आम्ल १०^−६ मोलर किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा. १०^−६ ला पूर्ण गणित केले तरी ५.९९६ येते. हा नियम पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः आकडे घालून पाहा, मग विसरणार नाहीस.

आणखी एक सांगतो, कारण पुस्तकात ते बहुधा मिळणार नाही. तू खरेच १०^−८ मोलर आम्ल बनवून मीटरखाली ठेवलेस तर ६.९८ दिसणार नाही, ५.६ ते ६ च्या दरम्यान काहीतरी हलता आकडा दिसेल. उघड्या बीकरमध्ये तिसराही येऊन बसलेला असतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो विरघळून पाण्यात साधारण १.४ × १०^−५ मोलर होतो. त्याचा पहिला विघटन स्थिरांक, म्हणजे तो किती फुटतो ते सांगणारा आकडा, ४.५ × १०^−७. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की [एच+] २.५ × १०^−६ आणि पीएच ५.६. आपल्याकडे जूनपासून कोसळणारा पाऊस हवेत दुसरे काही नसले तरी ५.६ च्या आसपासच असायला हवा, तो याच हिशेबाने. सात नव्हे. डिस्टिल्ड वॉटरचा पीएच सात आला नाही म्हणून डिस्टिलेशनच्या यंत्राला दोष देणारे मी बरेच पाहिलेत.

आता व्हिनेगर. तू ०.२ कसे काढलेस ते कळतेच आहे. बाटलीवर ३.७५ टक्के, म्हणजे लिटरला ३७.५ ग्रॅम अॅसेटिक आम्ल, भागिले ६०, म्हणजे ०.६२५ मोलर, आणि त्याचा लॉग घेतला तर ०.२. संहतीपर्यंत सगळे बरोबर. पुढे तू अॅसेटिक आम्लाला हायड्रोक्लोरिकच्या रांगेत उभे केलेस. अॅसेटिक आम्लाचे बहुतेक रेणू पाण्यात न फुटता तसेच राहतात. किती फुटतात हे केए, म्हणजे विघटन स्थिरांक, सांगतो, आणि त्याचा केए १.८ × १०^−५ आहे. फुटलेला भाग क्ष धर. मग [एच+] क्ष, अॅसेटेट क्ष, आणि न फुटलेले आम्ल ०.६२५ − क्ष:

क्ष² / (०.६२५ − क्ष) = १.८ × १०^−५

केए लहान आहे, तेव्हा क्षही लहानच असणार असा अंदाज करायचा आणि खालचा क्ष तूर्त सोडून द्यायचा. क्ष² = १.१२५ × १०^−५, क्ष = ३.३५ × १०^−३, पीएच २.४७. मीटरने अडीच दाखवला ना? मग मीटर खरा.

पण इथे एक पायरी राहते, ती बहुतेक जण करतच नाहीत. ज्याला सोडून दिले त्याला शेवटी परत बोलावून विचारायचे, तू खरोखर लहान होतास का? ०.००३३५ भागिले ०.६२५ म्हणजे अर्धा टक्का. पाच टक्क्यांच्या आत असेल तर चालते, त्यामुळे इथे ठीक. आता तेच अॅसेटिक आम्ल १०^−४ मोलर घे. सोप्या वाटेने क्ष येतो ४.२ × १०^−५, पीएच ४.३७. तपासले तर बेचाळीस टक्के! म्हणजे अंदाजच कोसळला. मग वर्गसमीकरण सोडवायलाच हवे:

क्ष² + १.८ × १०^−५ क्ष − १.८ × १०^−९ = ०

क्ष = ३.४४ × १०^−५, पीएच ४.४६, आणि जवळजवळ चौतीस टक्के रेणू फुटलेले. सौम्य आम्ल जितके पातळ करशील तितका त्याचा फुटलेला हिस्सा वाढतो. म्हणूनच सौम्य आम्ल दहापट पातळ केले तरी पीएच एकाने न वाढता सुमारे अर्ध्यानेच वाढतो. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

आपल्याकडे माडाच्या सुरेचा व्हिनेगर घरोघरी असतो. त्याने एक प्रयोग करून बघ, पीएच म्हणजे आम्लाचा साठा नव्हे हे पक्के बसेल. पीएच २.४७ चे हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर ते असते फक्त ०.००३४ मोलर. व्हिनेगर ०.६२५ मोलर. दोघांना मीटरवर ठेवलेस तर आकडा तोच. पण ब्युरेटमधून (मापाच्या नळीतून) सोडियम हायड्रॉक्साइड सोडायला लागलीस की हायड्रोक्लोरिकवाला चटकन संपेल, आणि व्हिनेगरला त्याच्या सुमारे १८५ पट अल्क लागेल. न फुटलेले रेणू मागे उभेच असतात. पुढचे फुटलेले संपले की ते एकेक करून फुटतात. तुझ्या कुळागराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. उरलेले पुढे.

मिसळण्याचा प्रश्न छोटा आहे. लॉगची सरासरी काढायची नसते, मोलांची काढायची असते. दोन्ही तीव्र आम्ले असतील तर १०^−३ आणि १०^−५ यांची सरासरी ५.०५ × १०^−४, पीएच ३.३०. पीएच ५ वाल्या बाटलीत आम्ल इतके कमी आहे की तिने जवळजवळ पाण्याचेच काम केले. सौम्य आम्ले असतील तर हाही हिशेब चालणार नाही, मूळ संहतीपासून सुरुवात करावी लागेल.

आम्लात अल्क घातले तरी रीत तीच. आधी मोलांची वजाबाकी, मग एकूण आकारमानाने भागाकार, आणि लॉग सगळ्यात शेवटी. ५० मिलिलिटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक घे आणि त्यात त्याच संहतीचा सोडियम हायड्रॉक्साइड सोड. ४९ मिलिलिटर झाले तेव्हा ०.१ मिलिमोल आम्ल उरले, ९९ मिलिलिटरमध्ये, पीएच ३. ४९.९ ला पीएच ४. ५०.१ ला अल्क ०.०१ मिलिमोल जास्त झाले, पीओएच, म्हणजे −लॉग [ओएच−], आला ४, आणि तो १४ मधून वजा केला की पीएच १०. चार ते दहा, आणि मध्ये फक्त ०.२ मिलिलिटर, म्हणजे ब्युरेटचे चारेक थेंब. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा गुलाबी रंग एका थेंबाला का येतो ते या आकड्यांत दिसते. म्हणून शेवटी नळी अर्धा थेंब लोंबकळेपर्यंतच उघडायची, तो थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवायचा आणि धुवून आत घ्यायचा. हातात सवय बसायला वेळ लागतो.

आता सोडियम हायड्रॉक्साइड आणि तुझा मीटर. यावर जरा थांबतो, कारण हे दुखणे आमच्या प्रयोगशाळेत दर उन्हाळ्यात यायचे.

कागदावर [ओएच−] = ०.१, पीओएच १, आणि १४ मधून वजा करून पीएच १३. पण हे १४ कुठून आले? ते २५ अंशांचे आहे. पाण्याचे फुटणे उष्णतेने वाढते, म्हणून तापमान चढले की हा आकडा उतरतो. ३० अंशांना तो १३.८३ असतो. साखळीच्या प्रयोगशाळेत एसी नसेल तर एप्रिल-मेमध्ये ३० अंश म्हणजे थंडच म्हणायचे. तेव्हा तुझा पीएच १२.८३ वर आला. उदासीन पाण्याचाही पीएच त्या तापमानाला ७ नसून ६.९२ असतो, आणि तरी ते पाणी उदासीनच, कारण त्यात [एच+] आणि [ओएच−] सारखेच असतात.

मीटरच्या १२.७ पर्यंत आणखी ०.१३ उरतात. मीटर संहती मोजत नाही, सक्रियता मोजतो. ०.१ मोलर इतक्या दाटीत प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराच्या आयनांचा घोळका असतो, त्यामुळे तो आपल्या पूर्ण संख्येइतका परिणाम दाखवत नाही. डीबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये याचे गणित मांडले. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडला सक्रियतेचा गुणांक, म्हणजे संहतीला ज्याने गुणायचे तो आकडा, साधारण ०.७७ धरतात. ०.०७७ चा लॉग घेतला तर पीओएच १.११. आता १३.८३ मधून १.११ वजा कर. १२.७२. तुझ्या सरांना हा हिशेब दाखव, पण शांतपणे. मीटर बिघडलेला नाही. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकही मीटरवर १.०० न दाखवता १.१ च्या आसपास दाखवतो, तेही याच सक्रियतेमुळे.

मग कोणी म्हणेल की मीटरला तापमान दुरुस्तीची सोय असते, ती तारेची काडी आपण बीकरमध्ये बुडवतोच ना? बुडवतो. पण ती काडी फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारते, एका पीएचमागे २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट आणि ३० ला ६०.२. तुझ्या द्रावणाचे रसायन २५ अंशांना कसे असते हे तिला कळत नाही. हा गैरसमज शिकल्या-सवरल्या लोकांतही आहे.

याउलट ज्यांच्यावर आपण खापर फोडतो ते बिचारे निरपराध असतात. पावसाळ्यात कॉस्टिकच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या, गोळ्यांची बाटली उघडली की वजन करता करता त्या काट्यावरच ओल्या होतात. समज चार ग्रॅममध्ये पाच टक्के पाणीच आले. द्रावण ०.०९५ मोलर झाले. पीएचमध्ये फरक? ०.०२. लॉगने गिळून टाकला. हेच द्रावण टायट्रेशनला, म्हणजे थेंब थेंब घालून आम्ल मोजायला, वापरलेस तर मात्र पाच टक्क्यांची चूक पूर्ण पाच टक्क्यांनीच अंगावर येते. म्हणून टायट्रेशनसाठी ते पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करायचेच, तिथे सूट नाही. पीएच बरोबर आला म्हणून संहती बरोबर असे कधी समजू नये. पीएचमधला ०.०१ चा फरक म्हणजे संहतीत सव्वादोन टक्क्यांहून जास्त.

अल्कांबद्दल थोडे आणखी, भराभर. चुन्याच्या निवळीत एका कॅल्शियममागे दोन हायड्रॉक्साइड असतात. ०.०२ मोलर संतृप्त द्रावणात [ओएच−] ०.०४, कागदावर पीएच १२.६, प्रत्यक्षात २५ अंशांना १२.४५. ०.१ मोलर अमोनियाला केबी (अल्काचा विघटन स्थिरांक) १.८ × १०^−५ घालून व्हिनेगरसारखेच गणित कर, पीओएच २.८७ आणि पीएच ११.१३ येईल. खाण्याच्या सोड्याचा मात्र गमतीदार प्रकार. बायकार्बोनेट आम्लही आहे आणि अल्कही, त्याचा पीएच दोन पीकेएंच्या (पीकेए म्हणजे −लॉग केए) मध्यावर पडतो: (६.३५ + १०.३३) / २ = ८.३४. चिमूटभर घाल की चमचाभर, फारसा बदलत नाही. आणि सल्फ्युरिक आम्लाला सरळ दोनाने गुणू नकोस. त्याचा पहिला हायड्रोजन पूर्ण सुटतो, दुसऱ्याचा केए ०.०१२ आहे. ०.०५ मोलर सल्फ्युरिकचा पीएच १.०० न येता १.२३ येतो. खाडीकाठच्या खाजन शेतांतली माती उघडी पडून वाळली की तिच्यातल्या गंधकाच्या खनिजापासून हेच आम्ल तयार होते, आणि त्या खाऱ्या मातीची आंबट बाजू तिथून येते.

बफर, म्हणजे आम्ल किंवा अल्क घातले तरी पीएच फारसा हलू न देणारे द्रावण, तुझ्या प्रश्नांत नव्हता, पण मातीकडे जायचे तर त्याच वाटेने जावे लागते. १०० मिलिलिटर द्रावणात अॅसेटिक आम्ल आणि सोडियम अॅसेटेट दोन्ही ०.१ मोलर असू दे. म्हणजे दोन्ही दहा-दहा मिलिमोल, आणि पीएच पीकेएइतका, ४.७६. यात १ मोलर हायड्रोक्लोरिकचा एक मिलिलिटर घाल. अॅसेटेट दहाचे नऊ झाले, आम्ल दहाचे अकरा:

पीएच = ४.७६ + लॉग (९ / ११) = ४.६७

तोच एक मिलिलिटर नुसत्या पाण्यात घातला असता तर पीएच २ वर आला असता.

हे हेंडरसन-हॅसलबाल्क सूत्र देखणे आहे, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. पुरावा प्रत्येक प्रयोगशाळेच्या फडताळात असतो. मीटर कॅलिब्रेट करायची ६.८६ ची बाटली बघ. तिच्यात फॉस्फेटचे दोन क्षार सारखे असतात, प्रत्येकी ०.०२५. सूत्राने लॉग शून्य, पीएच = पीकेए = ७.२०. बाटलीवर छापलेले असते ६.८६. तब्बल ०.३४ चा फरक, आणि चूक कोणाचीच नाही. दोन ऋण प्रभारांच्या फॉस्फेट आयनाला भोवतालची दाटी एका प्रभारवाल्यापेक्षा फार जास्त जाणवते, म्हणून समतोल खाली सरकतो. औषधांच्या कामात बफर गणिताने बनवायचा, पण शेवटचा आकडा मीटरवर बसवायचा, हा रिवाज त्यामुळेच आहे. आणि त्याच बाटलीवर तापमानाचा तक्ता असतो तोही वाचत जा. बोरॅक्सचा बफर २५ अंशांना ९.१८ आणि ३० ला ९.१४ असतो. कॅलिब्रेशन करताना तो तक्ता पाहिला नाही तर पुढचे सगळे वाचन तिथूनच घसरते.

आता बाबांचे कुळागर. सूत्र लावून बघूच. एक हेक्टर, पंधरा सेंटिमीटर खोलीची माती, म्हणजे साधारण वीस लाख किलो. तिच्यात पंचवीस टक्के ओल धर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. सामू ५.२ म्हणजे [एच+] ६.३ × १०^−६. गुणाकार केला तर संपूर्ण हेक्टरात सुमारे ३.२ मोल हायड्रोजन आयन. चुनखडीचा एक मोल, म्हणजे १०० ग्रॅम, दोन मोल आयन मारतो. तेव्हा लागणारी चुनखडी दीडशे-एकशे साठ ग्रॅम. मुठीत मावेल एवढी!

कोणताही बागायतदार हे ऐकून हसेल, कारण आंबट जमिनीला चुना टनांच्या हिशेबाने लागतो हे त्याला ठाऊक असते. गणितात बेरीज-गुणाकार चुकलेला नाही, भांड्यातले सगळे जण लिहिले गेले नाहीत. आपल्या जांभ्या मातीत पाण्यात सुटे असलेले आयन म्हणजे पुढचे चार शिपाई. खरे सैन्य चिकणमातीच्या कणांना आणि कुजलेल्या पालापाचोळ्याला चिकटलेले असते, हायड्रोजन आणि मुख्यतः अॅल्युमिनियम. पुढचे मारले की मागचे सुटून पुढे येतात, व्हिनेगरमध्ये आले तसेच. माती हा एक प्रचंड बफर आहे, आणि सामू ५.२ हा आकडा त्या बफरची पातळी सांगतो, साठा सांगत नाही. त्यामुळे सामू ५.२ असलेल्या दोन बागांना, एक रेताड आणि एक चिकण, अगदी वेगवेगळा चुना लागू शकतो.

तो साठा मोजायची रीत सोपी आहे. माती नुसत्या पाण्यात न ढवळता ठरावीक पीएचच्या बफरमध्ये ढवळतात. एसएमपी नावाचा बफर त्यासाठी वापरतात, त्याचा पीएच ७.५ असतो. मातीने त्याला किती खाली ओढले ते पाहायचे. ६.८ पर्यंतच ओढले तर चुना थोडा, ५.५ पर्यंत नेले तर बराच. तेव्हा अहवालात नुसता सामू असेल तर चुन्याची गरज वेगळी तपासून मागा. ओल्ड गोव्याला एला येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारी संशोधन संस्था आहे, नाहीतर कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात विचारा. आणि चुना एकदम न घालता हप्त्यांनी घालायला बाबांना सांग. पोफळी आणि मिरीची मुळे वरच्या थरातच असतात, आणि भाजलेल्या चुन्याची निवळी १२.४५ ची असते हे वर आलेच.

कुळागरात भिरंडीचे (कोकमाचे) झाड असेलच. भिरंडाच्या आगळाचा (खारवलेल्या रसाचा) पीएच गणिताने काढायच्या भानगडीत मात्र पडू नकोस. त्यात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, इतर आम्ले, साखर आणि वर भरपूर मीठ, यातल्या एकाचीही संहती तुला ठाऊक नाही. तिथे मीटर बुडवायचा आणि आकडा घ्यायचा. नंतर इलेक्ट्रोड नीट धुवून तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये परत ठेवायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही, तिथे तो हळूहळू मरतो. उरलेल्या आगळात चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घालून बघ. लालभडक रंग जांभळट, मग निळसर-करडा होत जाईल. आगळातला रंगच दर्शकाचे काम करतो.

आता एक गणित स्वतः कर. ०.१ मोलर सोडियम अॅसेटेट, २५ अंशांना. आधी चिटोऱ्यावर लिही: सोडियम नुसता बघ्या, अॅसेटेट पाण्याकडून हायड्रोजन ओढणारा, तेव्हा ओएच− तयार होणार. केबी म्हणजे केडब्ल्यू भागिले अॅसेटिकचा केए, ५.६ × १०^−१०. पुढची रीत व्हिनेगरचीच, तपासणीच्या पायरीसकट. उत्तर ८.८७ यायला हवे. ५.१३ आले तर तू पीओएचवरच थांबलीस.